तिसऱ्यांदा तापलेला सरस

"आई! पोट उघडलं गं!"

वरच्या मजल्यावरून ही आरोळी आली तेव्हा खुर्चीकाकू खाली दुकानात एका आरामखुर्चीचा हात बसवत होत्या. हातातली हातोडी तिथंच टाकून त्या जिन्याकडे धावल्या. आरामखुर्चीचा मालक समोरच बसला होता, तोही घाबरून उठला. कुणाचं पोट, कसं उघडलं, डॉक्टरला फोन करू का, असं तो बिचारा विचारत राहिला आणि काकू वर पोचल्यासुद्धा. साठी उलटलेली, गुडघे कुरकुरणारे, पण घाई असली की जिना एक पायरी सोडून एक चढायचा हा काकूंचा बाणा.

पोट उघडलं होतं ते चेलोचं. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ. बसून, दोन गुडघ्यांमध्ये उभा धरून वाजवायचा. त्या वर्षी थंडी होती ती अगदी कोरडी, आणि त्यात खोलीत हीटर. वरची फळी आकसली आणि फळी न् बाजूची पट्टी यांच्यातला सांधा चांगला वीतभर सुटला. बोटानं दाबलं की मिटत होता, सोडलं की पुन्हा आ करत होता.

"परवा परीक्षा आहे, आई! परवा!" भिंगरी अगदी रडकुंडीला आली होती.

भिंगरी म्हणजे काकूंची एकुलती एक लेक. लहानपणी एका जागी पाच मिनिटं बसेल तर शपथ, म्हणून हे नाव. तिला बसवलं ते या वाद्यानं. शाळेतल्या मास्तरांनी एकदा गज हातात दिला आणि पोरगी जी बसली ती उठेचना. हा चेलोसुद्धा कुणाचा तरी जुना, वापरलेला, काकूंनी हट्टानं घेऊन दिलेला. आता दूरच्या मोठ्या शहरातल्या वाद्यवृंदात एक जागा निघाली होती. एकच. तिथं परवा दुपारी वाजवून दाखवायचं होतं. जमलं तर पोरगी त्या शहरात राहायला जाणार, नाही जमलं तर पुन्हा अशी जागा कधी निघेल ते कुणी सांगावं! त्या वृंदातली माणसं म्हातारी होईपर्यंत खुर्ची सोडत नाहीत म्हणे.

"वाद्यवाल्याला फोन लाव," काकू म्हणाल्या.

"लावला. त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय. पुढच्या आठवड्याशिवाय हात लावणार नाही."

दारात बसकाका उभे होते. हे काकूंचे यजमान. उभा जन्म बस चालवली, निवृत्त झाले आणि त्या दिवसापासून स्वयंपाकघराचा ताबा घेतला. हातात पळी, खांद्यावर फडकं. ते सावकाश म्हणाले, "पुढच्या वर्षी दे की परीक्षा. आभाळ कोसळतंय का?"

भिंगरीनं त्यांच्याकडे असं बघितलं की काका मुकाट्यानं गॅसकडे परत गेले.

आणि काकू? काकूंच्या छातीत धडधडायला लागलं होतं, आणि काळजीपेक्षा त्यात आनंदच जास्त होता, लपवायचं कशाला! जन्मभर खुर्च्या केल्या. मोडक्या, डुगडुगत्या, कुत्र्यांनी कुरतडलेल्या, जाड माणसांनी मारलेल्या. पण वाद्य? वाद्याला हात लावायची संधी उभ्या आयुष्यात मिळाली नव्हती. वाद्यवाल्याच्या दुकानावरून जाताना त्या काचेला नाक लावून उभ्या राहायच्या, आत भिंतीवर टांगलेली ती उघडी पोटं बघत.

"मी करते," काकू म्हणाल्या.

"आई, ही खुर्ची नाहीये."

"माहितीय मला! खुर्चीवर माणूस बसतो, याच्यावर माझ्या लेकीचं नशीब बसलंय. आण खाली!"

तर असं ते घोडं मैदानात उतरलं.

आता इथं काकूंच्या सरसाबद्दल सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. सरस म्हणजे जनावराच्या कातड्यापासून केलेला, लाकूड जोडायचा चिकट पदार्थ. लोक त्याला डिंक म्हणायचे आणि काकूंच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. "डिंक पाकिटाला लावा. हा सरस आहे!" हा धडा त्यांना सासऱ्यांनी दिला होता. दुकान सासऱ्यांचं. मुलाला बसचं वेड, म्हणून म्हाताऱ्यानं नव्या सुनेला सहज एक मोडकं स्टूल दिलं, बघू काय करते ते. तिनं ते असं जोडलं की म्हातारा त्यावर चढून उभा राहिला, दोनदा उड्या मारल्या, खाली उतरला आणि म्हणाला, "उद्यापासून खाली येत जा." बस्स, एवढीच मुलाखत.

सासऱ्यांचा दंडक असा, की उरलेला सरस फेकायचा नाही. दाणे थंड पाण्यात भिजवून फुगवायचे, मग पाण्याच्या भांड्यात छोटं भांडं ठेवून हळूहळू तापवायचे. उकळू मात्र द्यायचं नाही, उकळला की मेला. काम झाल्यावर जो उरेल तो ताटलीत ओतायचा. थंड झाला की तो थलथलीत जमतो, मग सुरीनं चौकोनी तुकडे कापायचे आणि डब्यात भरून फ्रीजमध्ये. बाहेर राहिला तर दोन दिवसांत त्याला असा वास सुटतो की शेजारी घर बदलतील. पुढच्या वेळी लागतील तेवढेच तुकडे काढून वितळवायचे. पण प्रत्येक तापण्यात त्याचा दम थोडा कमी होतो, हे विसरायचं नाही.

आणि फ्रीज कुणाचा? काकांचा! तिथंच तर रोजची लढाई. एकदा काकांनी लोणी समजून दोन तुकडे भाजीत टाकले. भाजी थंड झाली आणि डाव तिच्यात जो उभा राहिला तो पडेचना. त्या दिवसापासून डब्यांना रंगीत झाकणं आली. पांढरं झाकण म्हणजे एकदाच तापलेला, खुर्चीच्या पायांसाठी. पिवळं म्हणजे दुसऱ्यांदा तापलेला, हलक्या कामाला. आणि लाल म्हणजे तिसऱ्यांदा तापलेला, दम गेलेला. तो फक्त खणांमध्ये कागद चिकटवायला आणि पातळ फळ्यांचे नमुने तात्पुरते जोडून बघायला.

"तो लाल तरी फेक गं," काका रोज म्हणायचे. "मेलेल्याला कशाला थंडीत ठेवतेस?"

"तुमच्या जुन्या बसच्या चाव्या फेकल्यात का तुम्ही?" काकू म्हणायच्या. विषय तिथंच संपायचा.

पण लेकीच्या चेलोसाठी कुठला सरस? हे काय विचारणं झालं! काकूंनी नवे कोरे दाणे काढले, सगळ्यात भारी, मधाच्या रंगाचे. त्याच सकाळी भिजवले, तापवले, पातळ फळीचे दोन तुकडे जोडून शिकंज्यात धरले. तोवर चेलोसाठी शिकंजे करायला बसल्या, कारण खुर्चीचे अजस्र लोखंडी शिकंजे त्या नाजूक कमरेला लावणं म्हणजे खूनच. एका मोडक्या खुर्चीचे गोल पाय घेतले, करवतीनं चकत्या पाडल्या, मधून भोक, त्यातून लांब बोल्ट, चकत्यांना आतून मऊ नमदा, म्हणजे लोकरीचं जाड कापड. दोन चकत्यांमध्ये सांधा धरायचा आणि नट फिरवायचा. भिंगरी चकत्या मोजून देत होती, काकू भोकं पाडत होत्या, भुसा सगळ्या दुकानभर उडत होता आणि आरामखुर्चीवाला गिऱ्हाईक आपली खुर्ची विसरून नमदा कापायला बसला होता.

दुपारी काकूंनी सकाळचा जोड शिकंज्यातून काढला आणि दोन्ही हातांनी मोडला. कडाड!

"बघ! बघितलंस?" काकू नाचायच्याच बाकी होत्या. "लाकूड तुटलं, जोड नाही तुटला! याला म्हणतात सरस!"

खुर्चीवाल्यांच्या जगात याहून मोठं प्रशस्तिपत्रक नाही. आरामखुर्चीवाल्यानं टाळ्या वाजवल्या. काकूंनी बाह्या सरसावल्या, भांडं शेगडीवर चढवलं आणि सुटलेल्या सांध्यात शेवटचं एकदा बघून घ्यावं म्हणून बॅटरी आणि भिंग घेऊन खाली वाकल्या.

आणि तशाच राहिल्या.

"काय झालं?" भिंगरीच्या तोंडचं पाणी पळालं.

सांधा सगळीकडे अगदी स्वच्छ उघडला होता, पाकीट उघडावं तसा. पट्टीच्या कडेला जुन्या सरसाची पिवळसर रेघ, लाकडाला ओरखडाही नाही. पण एका टोकाला, बोटभर जागेत, फळीचं एक सालपट उपटून पट्टीलाच चिकटून राहिलं होतं. त्या जागेचा सरस वेगळा होता, जाड, गडद. म्हणजे तिथं पूर्वी कुणीतरी डागडुजी केली होती. जीव लावून, भारीतला सरस वापरून, अगदी घट्ट.

"अगं बाई!" काकू एकदम ओरडल्या. "हा तर माझ्यासारखाच कुणीतरी गाढव होता!"

"कोण?"

"खुर्चीवाला! शंभर टक्के खुर्चीवाला!" त्यांनी भिंगरीचं डोकं धरून भिंगासमोर आणलं. "हे बघ. थंडीत फळी आकसते, पावसात फुगते. तिला कुठंतरी सुटायला जागा पाहिजे. बाकीचा सांधा सुटला आणि फळी वाचली. इथं मेल्यानं सुटायची सोयच ठेवली नाही, म्हणून फळी सोलली गेली. आणि मी! मी आता सगळीकडे तेच करणार होते! पुढच्या थंडीत तुझी फळी वरपासून खालपर्यंत चिरली असती!"

त्यांनी शेगडी खटकन बंद केली. अंगावर काटा आला होता, पण डोळे असे चमकत होते की बघत राहावं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा लाकडानं त्यांना काहीतरी नवं सांगितलं होतं. अति तिथं माती हे त्या दुसऱ्यांना हजारदा सांगत आल्या, आणि आज स्वतःच कुदळ घेऊन निघाल्या होत्या.

"मग पाणी घालून पातळ कर ना हाच," भिंगरी म्हणाली.

"किती घालू? चमचा की वाटी? ते शिकायला मला महिना पाहिजे, आणि परवा तू परीक्षेला. नाही. दम नको, पण भरवसा पाहिजे." काकू बोलता बोलता थांबल्या. मग फडताळाकडे धावल्या, पातळ फळ्यांचा एक नमुना काढला, गेल्या महिन्यात लाल डब्यातल्या सरसानं जोडलेला. भिंगरीच्या हातात दिला. "ओढ."

भिंगरीनं ओढला. हलला नाही.

"आता त्यात सुरी घाल."

सुरीचं टोक लागलं आणि टक्! दोन्ही फळ्या अलग, स्वच्छ, कुठं सालपटही नाही.

"लाल डबा!" मायलेकी एकदमच ओरडल्या आणि जिन्यावर दोघींची चढाओढ लागली.

फ्रीज उघडला. दूध होतं. भाजी होती. पांढरं झाकण होतं, पिवळं होतं.

"अहो! लाल डबा कुठंय?"

काका पोळपाट पुसत होते. पुसतच राहिले. काकूंनी त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांना कळलं की या माणसाला माहीत आहे. इतकी वर्षं संसार केल्यावर मान कुठं वळली एवढं पुरतं.

"आज फ्रीज धुतला," काका पोळपाटाला म्हणाले.

"डबा कुठंय?"

"तूच म्हणतेस ना दम गेलेला आहे म्हणून..."

"अहो, तोच लागणार आहे चेलोला! त्याच्याशिवाय होणार नाही!"

खाली गल्लीत कचऱ्याच्या गाडीचा भोंगा वाजला. अजून लांब होती, कोपऱ्यावर. काकांनी खिडकीकडे बघितलं, मग भिंगरीकडे. पोरगी दोन्ही हात तोंडावर धरून उभी होती. भोंगा पुन्हा वाजला, आता जवळ.

"खालच्या पिशवीत टाकलाय!" काका ओरडले आणि पळाले.

काय पळाले म्हणून सांगू! बसच्या सीटवर जन्म घालवलेला माणूस, पोट पुढं, पायात नुसते मोजे, हातात पोळपाट पुसायचं फडकं तसंच. जिना कसा उतरले ते त्यांनाही आठवत नाही. पिशवी गाडीवाल्यानं उचलून आत भिरकावलीच होती. काकांनी गाडीसमोर दोन्ही हात पसरले. "थांबव! थांबव म्हणतो ना! मी पण ड्रायव्हर आहे!" याचा काय संबंध ते गाडीवाल्याला कळलं नाही, पण त्यानं ब्रेक मारला. काका मागून चढले, सगळी गल्ली खिडक्यांत गोळा झाली, आणि पिशव्यांच्या ढिगात कमरेएवढं बुडून काकांनी एक लाल झाकण वर काढलं. वरून काकूंनी अशी आरोळी ठोकली की गाडीवाल्यानंही हात वर केले.

डबा घट्ट बंद होता. काकूंनी उघडून आधी वास घेतला, मग बोटानं दाबून बघितलं. "चांगला आहे! थंडी पावली!" आणि मग त्यांनी असा दुकानभर दंगा मांडला की विचारू नका. "खिडक्या बंद! हीटर इकडे! गार फळीला सरस लावला तर तो लागायच्या आधीच गोठतो. भिंगरी, केस वाळवायचं यंत्र आण. अहो, तुम्ही ते धरा, सांध्यापासून लांब. लांब म्हटलं! लेकीचा चेलो आहे तो, पाव नाही भाजायचा!"

तुकडे वितळले. काकूंनी बोट बुडवून बघितलं. सोसेल इतपत गरम, ठीक. पातळ लवचिक सुरीच्या पात्यावर सरस घेऊन तो सांध्यात आत सरकवत गेल्या. नवा गरम सरस लागला तशी जुनी पिवळसर रेघही ओली होऊन चमकायला लागली. "हा बघ, जुना पण जागा झाला!" त्या कुजबुजल्या. सुरी बाहेर, चकती आत, नट फिरव, पुढं. सुरी बाहेर, चकती आत. भिंगरी नट फिरवत होती, काका गरम पाण्याच्या फडक्यानं बाहेर आलेला सरस टिपत होते, आणि काकू दोघांवर तोंडसुख घेत होत्या. तिघांच्याही कपाळावर घाम होता आणि तिघंही का कोण जाणे हसत होते.

शेवटचा नट बसला तशी भिंगरी धावत अंघोळीला गेली. काका तिथंच बसले, मोज्यांना भाजीची सालं चिकटलेली.

"अगं," ते हळूच म्हणाले, "भोंगा वाजला ना, तेव्हा क्षणभर वाटलं, गप्प बसावं."

"दिसलं मला."

"ती गेली तर घरात राहिलं कोण? तू खाली खुर्च्यांत, मी वर पातेल्यांत."

काकूंना राग यायला हवा होता. त्याऐवजी त्यांनी नवऱ्याच्या मोज्यावरचं साल काढून टाकलं आणि म्हणाल्या, "पळालात मात्र छान."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शिकंजे सुटले. काकूंनी बोटाच्या पेरानं कडेकडेनं टकटक करत सबंध चेलोभोवती फेरी मारली. कुठं पोकळ आवाज येतो का? नाही. पुन्हा एक फेरी. नाही! भिंगरीनं तारा चढवल्या, गुडघ्यांत चेलो धरला आणि सगळ्यात जाड तारेवर गज ओढला. दुकानातल्या खुर्च्यासुद्धा थरथरल्या. काकू भुशातच मांडी ठोकून ऐकायला बसल्या. आरामखुर्चीवाला गिऱ्हाईक आजही आला होता, खुर्ची तयार आहे का म्हणून. नव्हती. पण त्यानं तक्रार केली नाही, भिंतीला टेकून ऐकत राहिला.

पहाटेच्या बसनं भिंगरी गेली. चेलोचं वेगळं तिकीट काकांनीच काढलं, ड्रायव्हरला बाजूला घेऊन वळणं कुठं सावकाश घ्यायची ते बजावलं. त्या दिवशी काकूंनी आरामखुर्चीचा हात एकदा उलटा बसवला. काकांनी भाजीत मीठ दोनदा घातलं.

संध्याकाळ होता होता फोन वाजला. काकांनी झडप घातली, पण कानाला लावायच्या आधीच पलीकडून आवाज फुटला, तो काकूंना खालच्या पायरीवरही ऐकू आला. "मिळाली! बाबा, मिळाली! पुढच्या महिन्यापासून!"

काकू वर पोचल्या तेव्हा काका एका हातात फोन घेऊन रडत होते आणि दुसऱ्या हातानं कसलं तरी झाकण उगाचच उघडत-मिटत होते. बरेच दिवस पुरेल इतकं बोलून झालं, अभिनंदन झालं, रडून झालं, चेलोचा आवाज कसा लागला ते तीनदा ऐकून झालं. मग फोन ठेवला आणि घर शांत झालं.

"एक विचारू?" काका म्हणाले. "तो सांधा. टिकेल किती?"

"एक थंडी, दोन थंड्या. मग सुटेल. सुटायलाच पाहिजे, नाहीतर फळी जाते."

"सुटला की?"

"सुटला की काय, जोडायचा परत. त्यात काय एवढं?"

"तिथं कुणी जोडेल?"

"तिथं?" काकूंचा पारा एकदम चढला. "तिथल्या कुणाला माझ्या सांध्याला हात लावू देईन होय मी? पोरीला बजावून ठेवलंय, सुटला की सरळ घेऊन घरी ये."

काका उठले, फ्रीज उघडला, आणि लाल झाकणाच्या डब्यासाठी मधला आख्खा कप्पा रिकामा करायला लागले.